ठाण्याचे नाना प्रकारचे चामडे

मार्को पोलोने 1298च्या सुमारास सांगितलेल्या वृत्तांतात ठाण्याच्या वाट्याला जेमतेम पानभर मजकूर आला आहे. इथे मिरी पिकत नाही, जहाजांची वर्दळ मोठी आहे, राजाचे चाच्यांशी संधान असून लुटीतले घोडे त्याला मिळतात, असे तो सांगतो. शिलाहारांची सत्ता संपून ठाणे यादवांकडे गेले होते, तेव्हाची ही हकिकत. वाचणाऱ्याचे लक्ष साहजिकच चाच्यांवर खिळते. पण निर्यातीच्या मालात कापूस आणि सुती कापडाबरोबर पोलो नाना प्रकारच्या उत्तम चामड्याचेही नाव घेतो, आणि ठाण्याच्या इतिहासासाठी मला तेच मोलाचे वाटते. माझ्या मते हे चामडे ठाण्याच्या धक्क्यावरून नुसते जहाजात चढत नव्हते, त्यातले बरेचसे याच मुलखात कमावले जात होते.

कातडे टिकवायला मीठ लागते, केस काढायला चुना, धुवायला भरपूर पाणी आणि कमावायला तुरट साल किंवा फळ. खाडीकाठी मीठ पिकते, शिंपल्या भाजून चुना होतो. उल्हास, काळू, भातसा या नद्या आहेतच. मुरबाड-शहापूरच्या रानात ऐन आहे, नाणेघाट-माळशेजच्या माथ्यावर हिरडा आहे, आणि नाणेघाटाची जुनी व्यापारी वाट थेट कल्याणकडे उतरते. हिरड्याची ताकद किती, हे 19व्या शतकात पुन्हा दिसले : चामडे कमावण्यासाठी तो मुंबई बंदरातून इंग्लंडला जाऊ लागला. सातासमुद्रापार नेण्याजोगा कच्चा माल ज्या घाटावर मिळतो, त्याच्या पायथ्याशी तो कुणी वापरलाच नसेल, हे पटत नाही.

यावर पहिला आक्षेप पोलोच्याच पुस्तकातून निघतो. गुजरातेत बैल, म्हैस, बोकड यांची कातडी जहाजे भरभरून कमावली जातात, असे तो लिहितो. मग ठाण्याचे चामडे म्हणजे तिकडचाच माल कशावरून नसेल? पण खंबायतच्या वर्णनातही तो कमावलेल्या कातड्यांचा मोठा व्यापार नोंदवतो. गुजरातच्या मालाला हक्काचे बंदर असताना तो दक्षिणेला ठाण्यापर्यंत आणायचे कारण दिसत नाही. दुसरा आक्षेप म्हणजे पोलो स्वतः ठाण्याला उतरला होता का, आणि ही शंका रास्त आहे. तरी व्यापारी माणूस दंतकथा ऐकून फुगवील, निर्यातीच्या यादीत चामडे घुसडून त्याला काय मिळणार? तिसरा आक्षेप शिलालेख-ताम्रपटांचा : त्यांत कमावणाऱ्यांची नावे नाहीत. पण दानपत्रे देणाऱ्या-घेणाऱ्यांची असतात. मेलेले जनावर ओढणारे, कातडे कमावणारे ढोर, ते शिवणारे चांभार, यांना गावाने वेशीबाहेर ठेवले. त्यांची नावे त्या पत्र्यांवर कोण कोरणार? कारागिराचे नाव नाही म्हणून कारागीरच नव्हता, असे म्हणणे म्हणजे वेशीबाहेर ठेवणाऱ्यांचीच साक्ष प्रमाण मानणे.

पुढे साल-फळांच्या या कमावणीचे पारडे फिरले ते रसायनाने. 1884 साली अमेरिकेत क्रोम कमावणीचे पेटंट निघाले आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. हिरडा-बाभळीचे चामडे ताठ, वहाणांना आणि पट्ट्यांना उत्तम. क्रोमचे मऊ आणि उष्णता अधिक सोसणारे, म्हणून मोटरसायकलस्वाराच्या जॅकेटला बहुधा तेच वापरतात. चीर पाडणाऱ्या यंत्राने तर एकाच गोकातड्याचे दोन थर केले. वरचा, मूळ पृष्ठ शाबूत असलेला फुल ग्रेन. खालचा स्प्लिट, ज्याचे तंतू रस्त्यावर घासताना लवकर सुटतात. स्वेड बहुधा याच खालच्या थराचे. पृष्ठ घासून वर रंगाचा लेप दिलेला माल या दोहोंच्या मधला. महाराष्ट्रात 2015च्या दुरुस्तीपासून गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे गोकातड्याचे जॅकेट इथे बहुतेक बाहेरच्या मालाचेच असणार. ठाण्या-डोंबिवलीहून माळशेजला बाइक काढणाऱ्याने ते घेताना कातडे कोणत्या जनावराचे एवढ्यावर थांबू नये. थर कोणता, जाडी किती, शिवण दुहेरी आहे का, हे दुकानदाराला विचारावे, साधारण 1.2 मिलिमीटरचे फुल ग्रेन मिळाले तर घ्यावे, आणि पडल्यावर रस्त्याला घासणारे भाग स्प्लिटचे असतील तर पैसे खिशातच ठेवावेत.