परळच्या पिंजऱ्यांमधला शोध

‘उंदीर पडला’ हे दोन शब्द एके काळी अख्खी आळी रिकामी करायला पुरेसे होते. १८९६ साली मुंबईत सुरू झालेली प्लेगची साथ पुढे पुण्या-सोलापुरापर्यंत पसरली आणि माणसं गावाबाहेर झोपड्या घालून राहू लागली. या मृत्यूचं मूळ शोधायचं काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसकडे आलं. तिथे १८९९ मध्ये जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटली गेली होती.

१९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईभरातून गोळा केलेले उंदीर तपासले आणि पिसवांचा दोष सिद्ध केला. हे सर्वांना ठाऊक असतं. पण तपासलेल्या उंदरांत गाभण माद्या किती, हेही आयोगाने नोंदवलं, याची आठवण कोणी ठेवत नाही. साथ ऋतूप्रमाणे का चढते-उतरते हे समजायला उंदरांची वीण मोजणं भागच होतं. परळमध्ये उंदरांच्या प्रजननाचा अभ्यास असा रोगाच्या पोटातून सुरू झाला.

पुढच्या पिढीत याच परिसरात कमल रणदिवे आल्या. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या या जीवशास्त्रज्ञ बाईंनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षं काम केलं. आनुवंशिकता, विषाणू आणि संप्रेरकं या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्या काळी तो भारतात विचारणं हेच धाडस होतं.

असा अभ्यास पिंजऱ्यापाशी कसा चाले? मादी उंदराचं ऋतुचक्र जेमतेम चार-पाच दिवसांचं. रोज ठरलेल्या वेळी योनिमार्गातला थेंबभर स्राव काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली तर मादी शांत. केंद्रक हरवलेल्या, कडा दुमडलेल्या चपट्या पेशींचा थर दिसला तर ती माजावर. रक्तातलं इस्ट्रोजेन वाढल्याची खबर त्या चपट्या पेशी देत.

पण इस्ट्रोजेन रक्तातून सगळीकडेच फिरतं. मग गर्भाशयच का फुगतं, मांडीचा स्नायू का नाही? शिकागोत एल्वूड जेन्सन यांनी १९५८ च्या सुमारास वयात न आलेल्या मादी उंदरांना किरणोत्सारी इस्ट्रोजेन टोचलं. गर्भाशयाने ते धरून ठेवलं, स्नायूंनी सोडून दिलं. संप्रेरक ओळखणारं प्रथिन, म्हणजे ग्राही, जिथे असतं तिथेच हुकूम ऐकला जातो. ते कोणत्या पेशीत आणि कोणत्या वयात बनतं, हे त्याच्या जनुकाच्या अभिव्यक्तीवर ठरतं. स्तनाच्या कर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेन या औषधाचा सगळा आधार हाच. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जन्मलेली, आज सोलापूरच्या नवी पेठेपासून खेड्यापर्यंतच्या बायकांसाठी सरकारी कार्यक्रमात असलेली ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळीही याच ग्राहीवर काम करते.

१९९६ मध्ये स्वीडनमध्ये दुसरा इस्ट्रोजेन ग्राही सापडला, आणि तोही नर उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत! पहिल्याला अल्फा, याला बीटा म्हणू लागले. इस्ट्रोजेन म्हणजे केवळ बायकांचं, ही समजूत त्याआधीच डळमळली होती: अल्फाचं जनुक बंद केलेले नर उंदीर १९९३ मध्ये अमेरिकेत तयार झाले आणि ते वांझ निघाले.

हा धागा पुन्हा परळमध्ये आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या संस्थेची सुरुवात १९५४ मधल्या गर्भनिरोधक चाचणी केंद्रापासून झाली, तिथे नफीसा बालासिनोर यांच्या गटाने प्रौढ नर उंदरांत अल्फा आणि बीटा वेगवेगळे चेतवून पाहिले. उंदराची शुक्रपेशी घडायला सुमारे ५२ दिवस लागतात, त्यामुळे हे काम घाईचं नव्हे. दोन्ही प्रकारांत शुक्रपेशींची संख्या घटली, मात्र बिघाड वेगळ्या टप्प्यांवर झाला. अल्फाचा परिणाम मुख्यत्वे गोल पेशींना शेपटीदार आकार येण्यावर. बीटाचा, त्याआधीच्या पेशी मरण्यावर आणि तयार शुक्रपेशी वृषणातल्या नलिकेत सुटण्यावर. पुरुष वंध्यत्वाच्या तपासणीत आजही बहुतेक वेळा आधी टेस्टोस्टेरॉनच पाहिलं जातं. परळच्या या नर उंदरांनी इस्ट्रोजेनकडेही बोट दाखवलं आहे.