पाणथळ पक्ष्यांचे अवकाळी स्थलांतर

आर्क्टिक टुंड्रात वीण करून दक्षिणेच्या खाड्यांत हिवाळा काढणारे तुतारी, टिलवा यांसारखे पक्षी काही वर्षी नेहमीपेक्षा लवकर परततात. काही वर्षी थव्यांत त्या साली जन्मलेली पिल्ले जवळजवळ नसतातच. याचे मूळ बहुधा उत्तरेतल्या उन्हाळ्यात असते.

टुंड्रातला हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. मादी साधारणतः चार अंडी घालते आणि पिल्ले बाहेर येताच स्वतः किडे टिपू लागतात. म्हणून बर्फ वितळण्याची वेळ निर्णायक ठरते. २०१८ साली ईशान्य ग्रीनलंडमधील झॅकेनबर्ग येथे जूनच्या अखेरीसही बहुतेक जमीन बर्फाखाली होती आणि त्या वर्षीची वीण जवळपास पूर्ण वाया गेली. बर्फ लवकर वितळणेही सोसत नाही. रशियातील तैमीर द्वीपकल्पावर ३३ वर्षांत बर्फवितळ दरवर्षी सुमारे अर्ध्या दिवसाने अलीकडे सरकली. किड्यांचा बहर पिल्लांच्या आधीच ओसरू लागला. उष्ण वर्षांत वाढलेली रेड नॉट या किनारी पक्ष्याची पिल्ले लहानखुरी व आखूड चोचीची निघाली. मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर वाळूत खोल दडलेले शिंपले त्यांच्या चोचीला लागेनात आणि त्यांतली थोडीच जगली. उत्तरेतली चूक आफ्रिकेत अशी भोवते.

तिसरे कारण लेमिंग हा उंदरासारखा प्राणी. त्याची संख्या कोसळली की ध्रुवीय कोल्हे पक्ष्यांच्या अंड्यांकडे वळतात. घरटे गमावलेल्या जोड्यांना थांबण्याचे कारण उरत नाही आणि त्या लवकर दक्षिणेला निघतात.

मात्र लवकर आलेला प्रत्येक थवा अपयशाचा पुरावा नव्हे. बाकचोच तुतारीचे (कॅलिड्रिस फेरुजिनिया) नर अंडी उबवतच नाहीत. वीण यशस्वी झाली तरी ते आधी परततात, माद्या नंतर आणि पिल्ले सर्वांत शेवटी. शिवाय पहिल्या वर्षाचे अनेक पक्षी उत्तरेला न जाता उन्हाळा दक्षिणेतच काढतात. त्यामुळे नुसत्या तारखेवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. थव्यातले पिल्लांचे प्रमाण अधिक भरवशाचे.

बाकचोच तुतारी व छोटा टिलवा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ऑगस्टपासून दिसू लागतात. प्रौढांच्या अंगावर विणीच्या तांबूस पिसाऱ्याचे अवशेष असतात, तर पिल्लांची पाठ फिकट कडांमुळे खवलेदार दिसते. ठाणे खाडी, शिवडी वा उरण येथे पक्षी मोजणाऱ्यांनी एकूण आकड्यासोबत प्रौढ किती आणि पिल्ले किती, हेही अवश्य टिपून ठेवावे.