‘२४० झेड’चे पितृत्व

जुन्या मोटारींच्या शौकिनांत एक मत चांगलेच रुजलेले आहे. डॅटसन २४० झेड देखणी खरी, पण तिचे देखणेपण उसने. बोनेट जॅग्वार ई-टाइपचे, आराखडा ‘बीएमडब्ल्यू ५०७’ घडवणाऱ्या आल्ब्रेख्त गोएर्ट्झ या जर्मन उमरावाचा. जपान्यांचे काय, तर किंमत तेवढी! हा पूर्वपक्ष ऐकायला झकास आहे. तपासायला मात्र फारसा टिकत नाही.

डॅटसन ही ज्यांची छाप, त्या निस्सानचे गोएर्ट्झ साठच्या दशकाच्या पूर्वार्धात सल्लागार होते. पहिल्या सिल्व्हिया कूपेच्या कामात त्यांचा हात होता, आणि यामाहाबरोबर आखलेल्या एका स्पोर्ट्स कारच्या प्रकल्पातही. तो प्रकल्प बारगळला, गोएर्ट्झ गेले. झेडचे काम त्यानंतर निस्सानच्याच स्टुडिओत योशिहिको मात्सुओ यांच्या हाताखाली उभे राहिले. १९८० साली निस्सानने गोएर्ट्झ यांना पत्र दिले. आराखडा आमच्याच माणसांचा, मात्र त्यांच्यावर तुमच्या आधीच्या कामाचा प्रभाव होता, असा त्याचा आशय. ही सौजन्याची कबुली लोकांनी पुढे जन्मदाखला म्हणून फिरवली. अशा हिशेबाने प्रत्येक शिष्याचे पुस्तक गुरूच्या नावावर चढवावे लागेल.

आता रूपसाम्य. ते आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मात्सुओंच्या चमूने युरोपच्या गाड्या पाहिल्या नव्हत्या असे कोण म्हणेल? पण एका ओळीतले सहा सिलिंडर पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशी मांडणी केली की बोनेट लांबणार आणि माणसे मागे सरकणार. ते कोणा एकाच्या मालकीचे नाही. झेडचे खोलगट दिवे पाहा. अमेरिकेच्या नियमांत दिव्यांवर काचेचे आवरण चालत नसे, म्हणून ते पत्र्याच्या खोबणीत उघडेच बसवले. जपानात आवरण मिळे. जिला लोक ‘झेडची नजर’ म्हणतात, तिच्यात अमेरिकी कायद्याचा वाटा मोठा आहे.

खरा आक्षेप किमतीवर आहे, कारण ‘स्वस्त’ म्हणताना ‘हलकी’ असे सुचवलेले असते. १९७० च्या मॉडेलची अमेरिकेतली किंमत ३,५२६ डॉलर होती. ती परवडली कशी? तिच्या इंजिनाचा बोअर ८३ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७३.७. डॅटसन ५१० या साध्या सेडानच्या १.६ लिटर इंजिनाची मापे नेमकी हीच. त्याला दोन सिलिंडर वाढवले की २.४ लिटर होतात. म्हणजे खर्च वाचला तो आधीच पारखलेले काम पुन्हा वापरल्यामुळे. वर ओव्हरहेड कॅम, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. त्याच काळातली ब्रिटिश एमजीबी पुशरॉडवर आणि मागच्या अखंड आसावर चालत होती. पत्रा लवकर गंजे, हा दोष झेडच्या पदरी बांधायलाच हवा. पण गंजाच्या बाबतीत तेव्हाच्या ब्रिटिश आणि इटालियन गाड्यांनी तिला हसावे, हे जरा अतीच.

आणि रूप उसने आणता येते, दणकटपणा आणता येत नाही. पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली म्हणजे हजारो किलोमीटर धूळ, चिखल आणि खड्डे. १९७१ साली ती एडगर हेरमान याने २४० झेडमधून जिंकली. दुसरा आला तो युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा शेखर मेहता, तोही झेडमधूनच. १९७३ साली मेहता आणि स्वीडनचा हॅरी शेलस्ट्रम यांचे दंडगुण समसमान झाले. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने विजय मेहताच्या झेडला मिळाला. शेलस्ट्रमची गाडीही डॅटसनच होती.