शेवटच्या बाकावरचं हसू

मंडळी, गंगापूरला शाळेत आमच्या शेवटच्या बाकावर रोज काहीच घडायचं नाही, तरी हसून हसून पोट दुखायचं. ही 'काहीच न घडण्या'ची गंमत कियोहिको अझुमाने १९९९ ते २००२ मध्ये चार-चार चौकटींत मांडली. २००२ मध्येच त्या 'अझुमांगा दाइओ'वर अ‍ॅनिमे मालिकाही आली. ती आवडली असेल तर क्योतो अ‍ॅनिमेशनच्या 'के-ऑन!' (२००९) आणि 'निचिजो' (२०११) बघाच. निचिजो म्हणजे रोजचंच जगणं.

१८ जुलै २०१९ ला याच स्टुडिओला एका माणसाने आग लावली. ३६ जण गेले. तेव्हापासून मी शेवटची नामावली पुढे ढकलत नाही. आपलं हसू कुणीतरी एकेक चित्र काढून घडवलेलं असतं, राव!