डोंगरातली ऊब आणि पाठीवरचे सरपण

मनाली किंवा कौसानीच्या मुक्कामात हॉटेलातील बुखारीभोवती शेकत बसलेल्या मराठी पर्यटकाला ते लाकूड आले कोठून, असा प्रश्न सहसा पडत नाही. महाराष्ट्रात सरपण म्हटले, की चूल आणि न्हाणीघरातील तांब्याचा बंब आठवतो. घर उबदार ठेवण्यासाठी महिनोन् महिने लाकूड जाळावे लागणे, ही गोष्ट आपल्या हवामानाला परकी आहे. हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडातील उंचावरच्या गावांत मात्र नोव्हेंबर ते मार्च या काळात ऊब ही अन्नाइतकीच मूलभूत गरज ठरते. ती भागविणारे लाकूड जंगलापासून घरापर्यंत बहुतेक ठिकाणी बायकांच्या डोक्यावरून किंवा पाठीवरून येते.

गॅस आला, तरी मोळी राहिली

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे डोंगराळ भागातील असंख्य घरांत स्वयंपाकाचा गॅस पोहोचला आणि चुलीचा धूर कमी झाला. तथापि, पहाडी घरातील चूल एकाच वेळी दोन कामे करते. तिच्यावर अन्न शिजते आणि तिच्याभोवती कुटुंब शेकते. गॅसच्या शेगडीने पहिले काम उचलले, दुसरे तसेच राहिले.

यामागील हिशेब सोपा आहे. ३ किलोवॉट क्षमतेचा गॅस हीटर रोज ६ तास चालविल्यास १४.२ किलोचा सिलिंडर सुमारे १० दिवसांत संपतो. २ किलोवॉटचा विजेचा हीटर तेवढाच वेळ लावला, तर महिन्याला ३६० युनिट वीज लागते. शिवाय हिमवृष्टीत तारा तुटल्या, की वीज नेमकी गरजेच्या वेळी जाते. जंगलातल्या लाकडाला पैसे पडत नाहीत. त्याची किंमत वेळेत आणि श्रमांत मोजली जाते, आणि घराच्या जमाखर्चात ती सहसा धरली जात नाही.

बांज आणि चीड

कोणतेही लाकूड जळत असले, तरी जाणत्या बायका जंगलात शोधतात ते बांजचे, म्हणजे हिमालयातील ओकचे. त्याहून उंचावर मोरू आणि खरसू हे त्याचेच भाऊबंद आढळतात. बांजचे लाकूड घट्ट आणि जड असते. ते सावकाश जळते आणि त्याचा निखारा बराच वेळ टिकतो, त्यामुळे रात्रीच्या शेवटच्या भरणीला त्याची पसंती असते. चीड या पाइन जातीच्या लाकडात राळ असते. ते चटकन पेटते, म्हणून जाळ लावायला उपयोगी पडते; पण त्याचा धूर काळा असतो आणि बुखारीच्या नळीत काजळी साठते.

अडचण अशी, की बांज फार सावकाश वाढतो. त्याची पाने गुरांचा चारा आहेत, वाळलेला पाला गोठ्यात अंथरला जातो, आणि त्याच्याखालची पालापाचोळ्याची जाड माती पावसाचे पाणी धरून ठेवते. एकाच झाडावर चारा, जळण आणि पाणी अशा तीन गरजांचा भार पडतो.

ओझ्यातले निम्मे पाणी

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने साधारण निम्मे पाणी असू शकते. २५ किलोची ओली मोळी घेऊन उतार उतरणारी बाई त्यातले १२ किलोच्या आसपास पाणीच वाहून आणत असते. ते जाळताना बरीच उष्णता या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडापासून साधारण १५ मेगाज्यूल उष्णता मिळते. ओल्यापासून जेमतेम निम्मी. म्हणजे तेवढ्याच उबेसाठी दुप्पट वजन, दुप्पट खेपा, आणि वर डोळ्यांत झोंबणारा धूर.

यावरचा उपाय जुनाच आहे. ओंडके फोडून ढलप्या करायच्या, घराच्या भिंतीलगत वळचणीखाली हवा खेळेल अशी रास रचायची आणि पावसापासून जपायची. फोडलेले लाकूड वाळायला सहा महिने ते वर्ष लागते. ज्या घरी मागच्या वर्षीची रास शिल्लक असते, ते घर निर्धास्त असते. ज्या घरात हातांची संख्या कमी, पुरुष मैदानी शहरांत नोकरीला आणि मुले शाळेत, तेथे आज आणलेले लाकूड आजच जाळावे लागते. लाकडाच्या राशीवरून घराची परिस्थिती ओळखता येते ती अशी.

पडलेले, वाळलेले लाकूड वेचणे हा जंगलाला सर्वांत कमी इजा करणारा आणि वाहून नेण्यासही हलका मार्ग आहे. परंतु गावाजवळचे सुके लाकूड आधी संपते. मग एक तर दूर जावे लागते, नाही तर जवळच्याच झाडाची ओली फांदी तोडावी लागते. चढ-उतारावर पाय घसरणे, फांदी तोडताना झाडावरून पडणे, बिबट्या किंवा अस्वलाशी गाठ पडणे, हे धोके अंतराबरोबर वाढत जातात. त्यामुळे बायका सहसा एकटीने जात नाहीत, गटानेच निघतात.

हक्क कोणाचा?

जंगलावरील हक्काचा झगडा येथे नवा नाही. ब्रिटिश काळातील वनबंदीविरुद्ध कुमाऊँमध्ये १९२१ मध्ये मोठे आंदोलन झाले. पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले आणि काही जंगल गावांच्या ताब्यात आले. नीट चालणारी वनपंचायत ठरावीक दिवसांसाठीच जंगल खुले करते, सुके लाकूड नेऊ देते, ओली तोड करणाऱ्यास दंड करते आणि पाळीपाळीने राखण ठेवते. २६ मार्च १९७४ रोजी चमोली जिल्ह्यातील रैणी गावात गौरा देवी आणि इतर स्त्रियांनी कंत्राटदाराची माणसे रोखली, त्यामागेही चारा, जळण आणि पाणी देणारे जंगल वाचविण्याची निकड होती.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने जंगलालगत राहणाऱ्या आदिवासी आणि गरिबांच्या सरपण, चारा आदी घरगुती गरजांना वनोपजात पहिला अग्रक्रम दिला. २००६ च्या वनाधिकार कायद्याने निस्तारासारख्या सामूहिक हक्कांना मान्यता दिली. हक्क कागदावर आले, तरी मोळीचे वजन त्याने कमी झाले नाही.

ऊब टिकविण्याचे उपाय

वजन कमी करण्याचा एक मार्ग शेगडीतून जातो. उघड्या जाळातील बहुतेक उष्णता खोलीतल्या माणसांपर्यंत पोहोचण्याआधीच वाया जाते. पत्र्याची बंद बुखारी किंवा हिमाचलातला तंदूर धूर नळीवाटे बाहेर सोडतो, खोली तापवितो आणि त्याच्या माथ्यावर पाणीही गरम होते. याउलट, बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपणे जीवघेणे ठरते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास.

दुसरा मार्ग घराच्या बांधणीतून जातो. हिमाचलातील काष्ठकुणी पद्धतीच्या जुन्या घरांत दगड आणि देवदाराचे थर एकाआड एक रचलेले असतात. तळमजल्यावर गुरे असतात आणि त्यांच्या अंगची ऊब वरच्या मजल्याला मिळते. त्यांच्या जागी आलेली सिमेंटची पातळ भिंत उष्णता धरून ठेवत नाही. लडाखमध्ये दक्षिणाभिमुख काचा आणि जाड मातीच्या भिंतींनी सूर्याची उष्णता साठविणारी घरे बांधली गेली असून, वृक्षविरळ प्रदेशातही कडाक्याच्या थंडीत ती राहण्याजोगी राहतात.

स्वयंपाकघरातील धुराची दखल धोरणांनी घेतली, हे चांगलेच झाले. आता प्रश्न शेकण्याच्या खोलीचा आहे. घराची भिंत, बुखारीची नळी आणि वळचणीखालची सुकी रास यांचा विचार इंधनाच्या योजनेतच झाला, तर हिवाळ्यात जंगलाकडे जाणाऱ्या काही खेपा नक्कीच वाचतील. तोवर पहाटे दोरी आणि कोयता घेऊन निघालेल्या बायकांच्या रांगा पर्यटकांना वळणावळणावर दिसत राहतील.