असोळणा ते कुरितिबा

भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहऱ्याच्या खाणी आज बालोद जिल्ह्यात येतात. त्याच जिल्ह्यातली फुटबॉलपटू किरण पिस्दा क्रोएशियाला, डिनामो झाग्रेबच्या महिला संघाकडे गेली. तेव्हापासून आमच्या भागात परदेशी क्लबांच्या गप्पा अधूनमधून रंगतात, आणि कोणीतरी हमखास रोमिओ फर्नांडिसचं नाव काढतं. ‘तो तर ब्राझीलमध्ये खेळला!’ खेळला, हे खरं. पण या एका वाक्याने फारसं काही हाती लागत नाही. करार होणं, नोंदणी होणं आणि मैदानात उतरणं या तीन वेगळ्या घटना आहेत. त्यांचे कागद वेगळे, तारखाही वेगळ्या. बातमीत मात्र तिन्हींची एकच ओळ होते.

रोमिओचा जन्म 1992 सालचा, गोव्याच्या सासष्टीतल्या असोळणा गावचा. उजव्या बगलेने पळणारा मध्यरक्षक. त्याचा क्लब धेंपो. राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदं मिळवलेला हा संघ, त्यातलं शेवटचं 2011-12 च्या हंगामातलं. 2014 च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि रोमिओ एफसी गोवाच्या जर्सीत दिसू लागला. या नव्या संघाच्या मालकांत व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत, दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो होते, तेव्हा धेंपोचा खेळाडू तिथे दिसावा यात नवल नव्हतं. नवल होतं ते प्रशिक्षकाचं. ब्राझीलचा झिको फातोर्ड्याच्या मैदानाकडेला उभा राहून गोव्याच्या पोरांना खेळवत होता. तो मोसम एफसी गोवासाठी उपांत्य फेरीत संपला. कोलकात्याविरुद्धच्या दोन्ही लढती गोलशून्य राहिल्या आणि 17 डिसेंबरला फातोर्ड्यावर पेनल्टी शूटआउटमध्ये 4-2 असा निकाल लागला.

दोन महिन्यांनी, फेब्रुवारी 2015 मध्ये, धेंपोकडून लोनवर रोमिओ कुरितिबा शहरातल्या अ‍ॅट्लेटिको परानाएन्सेकडे जात असल्याचं जाहीर झालं. बहुतेक लेखांत ही कथा इथेच संपते: झिकोची नजर, ब्राझीलचा क्लब, गोव्याचा मुलगा. क्लब मोठा होता यात शंका नाही. स्थापना 1924 ची, 2001 चं ब्राझीलचं विजेतेपद नावावर, आणि त्याच्या घरच्या मैदानावर, अरेना दा बाइशादावर, आदल्याच वर्षी विश्वचषकाचे सामने झालेले.

मात्र जाहीर झालं म्हणजे खेळता येतं असं नाही. 2010 पासून आंतरराष्ट्रीय हस्तांतर, लोनसुद्धा, फिफाच्या संगणकी प्रणालीतून जावं लागतं. दोन्ही क्लबांनी भरलेली माहिती जुळली, तरच पुढचं पाऊल. त्यापुढे ब्राझीलचा स्वतःचा नियम. तिथला महासंघ रोज एक नोंदणीपत्रक प्रसिद्ध करतो आणि त्यात नाव छापून येईपर्यंत खेळाडूला मैदानात उतरता येत नाही. फेब्रुवारीतली घोषणा आणि एप्रिलमधलं पदार्पण यांतलं अंतर वाचताना हे नियम डोळ्यांपुढे हवेत. हे आठवडे नुसत्या सरावाचे किंवा प्रशिक्षकाच्या मर्जीचे मानणं घाईचं ठरेल.

आता सामना. एप्रिलमध्ये नासिओनाल या संघाविरुद्ध 67 व्या मिनिटाला रोमिओ बदली खेळाडू म्हणून आत आला. अ‍ॅट्लेटिकोने तो सामना मोठ्या फरकाने जिंकला. दक्षिण अमेरिकेत व्यावसायिक सामना खेळलेला पहिला भारतीय, अशा बातम्या आल्या. मिनिटं मोजली तर नव्वदात सदुसष्ट वजा जाता तेवीस, वर जादा वेळेची एकदोन.

हा सामना होता कुठल्या स्पर्धेतला? ब्राझीलच्या राष्ट्रीय लीगमधला नव्हे. ती त्या वर्षी 9 मेला सुरू झाली. त्याआधीच्या महिन्यांत तिथे राज्य पातळीवरच्या स्पर्धा होतात, आणि हा सामना पाराना राज्याच्या स्पर्धेतला होता. अ‍ॅट्लेटिको ही स्पर्धा फारशी मनावर घेत नसे. 2013 मध्ये त्याने तिथे 23 वर्षांखालचा संघ उतरवला होता. 2015 मध्ये मात्र पहिल्या फेरीतून पुढे जाणाऱ्या आठांत त्याला जागाच मिळाली नाही, आणि उरलेल्या तिघांबरोबर खालच्या श्रेणीत जाणं टाळण्यासाठी झगडावं लागलं. या गटाला तिथले लोक ‘मृत्यूची स्पर्धा’ म्हणतात. जेतेपदाच्या शर्यतीत असता तर क्लबने असोळण्याच्या बावीस वर्षांच्या मुलाला आजमावलं असतं का, असा प्रश्न मला पडतो. माझा अंदाज नकाराकडे झुकतो. त्याने रोमिओची धाव उणी होत नाही. संधीचं दार कुठल्या बाजूने उघडलं, एवढंच त्यातून कळतं.

याच महिन्यांचा गोव्यातला कागद शेजारी ठेवला की चित्र आणखी विचित्र होतं. आय-लीगचा हंगाम जानेवारी ते मे 2015 असा चालला. धेंपो अकरा संघांत घसरत घसरत तळाजवळ आला. त्याच्याखाली फक्त पुण्याचा भारत एफसी होता, कल्याणी समूहाचा. भारत एफसीला थेट प्रवेश मिळालेला, त्यामुळे पदावनतीतून सूट. परिणामी शेवटून दुसरा असूनही खाली गेला तो धेंपो. म्हणजे त्या वसंतात रोमिओचे दोन्ही क्लब, देणारा आणि घेणारा, आपापल्या देशांत पायरी न उतरण्यासाठी झुंजत होते. ब्राझीलचा तगला, गोव्याचा गेला. धेंपोच्या पडझडीला एका विंगरचं नसणं कारणीभूत होतं असं मी म्हणणार नाही. पाच वेळचा विजेता एका माणसामुळे बुडत नाही. पण ‘भारतीय फुटबॉलची झेप’ म्हणून गाजलेल्या बातमीच्या शेजारीच हा तक्ता छापलेला होता, आणि दोन्ही एकत्र वाचलेले मला फारसे कुठे आढळत नाहीत.

तुलना करायची तर कोणाशी? 1936 मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिककडून अनवाणी खेळला, तेही राखीव फळीतून आणि दोनच सामने. बायचुंग भूतिया 1999 मध्ये इंग्लंडच्या बरीकडे गेला आणि काही हंगाम टिकला. गुरप्रीतसिंग संधूने नॉर्वेच्या स्ताबेककडून 2016 मध्ये युरोपा लीगचा पात्रता सामना खेळला. सलीमशी नातं सांगायला रोमिओची तेवीस मिनिटं पुरतात, भूतियाशी सांगायला नाही.

कुरितिबाहून परतलेला रोमिओ त्याच वर्षी पुन्हा एफसी गोवाकडे आला. 20 डिसेंबर 2015 ला फातोर्ड्यावर अंतिम सामना झाला आणि चेन्नईयनने तो 3-2 असा हिसकावला. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपोने तर त्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून परतीची जागा मिळवली होती, ती न वापरताच. रोमिओ पुढे दिल्ली, ओडिशा आणि ईस्ट बंगाल अशा संघांतून खेळत राहिला.