जुनें यंत्र घेतांना

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें, आणि बैठकींतील ऐसपैस राग तीन मिनिटांत बसविण्याची विद्या गवयांस शिकावी लागली. पुढें १९४८ त अमेरिकेंत दीर्घ तबकडी निघाली. लाखेच्या जागीं व्हिनाइल आलें, फेऱ्या मिनिटास ७८ वरून ३३ वर उतरल्या व खांच तिसऱ्या हिश्शाइतकी बारीक झाली.

पेठहून मुंबईच्या चोरबाजारांत जुनें यंत्र पाहावयास जाणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. पितळी कर्णा मोह घालतो खरा (आम्हांसही घालतो!), परंतु त्याखालची पोलादी सुई व जड ध्वनिपेटी वडिलांनीं जपलेली व्हिनाइलची तबकडी खरवडून टाकील. पैसे बेताचे असल्यास पेटीचें लांकूड पाहूं नये. गति सम आहे कीं नाहीं व भुजा हलकी आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. सुई मात्र नवीच घ्यावी, आणि लाखेच्या तबकड्यांकरितां जाड सुई निराळी.